काहीच न वाटणारं औषध

औषध घेतलं की काहीतरी वाटायला हवं, अशी आपली सगळ्यांचीच धारणा असते. तापाची गोळी घेतली की घाम सुटतो, बाम चोळला की कपाळ चुरचुरतं, काढा कडू लागतो आणि कडू आहे म्हणूनच तो गुणकारी वाटतो. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्या हातात जे औषध पडलं, ते यातलं काहीच करत नाही. जिभेवर पुसटसा गोडवा राहतो, तोही औषधाचा नव्हे. गुंगी नाही, तरतरी नाही, मोकळं वाटणं नाही. शिवाय ते घ्यायचं बरं वाटत असताना, रोज, दोन वेळा. आणि त्याचं नाव काढलं की घरातली माणसं आवाज खाली आणतात. श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड.

मी कराडला एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझा दमा दम्यासारखा आलाच नाही. घरघर नव्हती, जिने चढताना धाप नव्हती. होता तो फक्त खोकला, कोरडा, आणि वेळ पाळणारा. दिवसभर मी तासावर तास घ्यायची आणि पहाटे तीनच्या सुमारास उठून बसायची. सगळं घर जागं व्हायचं. पावसाळा म्हणून सगळ्यांनी सर्दी ठरवली. खोकल्याची पातळ औषधं झाली, अ‍ॅलर्जीची गोळी झाली, अँटिबायोटिक झालं. गोळी चालू असेपर्यंत जरा कमी, की पुन्हा तीन वाजता हजर. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी छातीच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, तेव्हा मला रागच आला होता. खोकल्यासाठी कुणी छातीच्या डॉक्टरांकडे जातं का?

डॉक्टरांनी आधी भरपूर प्रश्न विचारले. रात्रीच का? उदबत्तीच्या धुराने वाढतो का? हसल्यावर येतो का? (येतो. वर्गात विनोद सांगायचं मी बंदच केलं होतं.) घरात कुणाला दमा? कधी टीबी झाला होता का, घरात कुणाला होता का? साखर? डोळ्यांचा दाब? टीबीचा प्रश्न मला खटकला, पण तो नुसता रिवाज म्हणून नव्हता हे नंतर कळलं. स्टेरॉइड सुरू करायचं तर छातीत टीबी लपून बसलेला नाही ना, हे आपल्याकडे बघावंच लागतं. म्हणून एक्स-रे. मग स्पायरोमेट्री.

ही तपासणी ज्यांनी केली नसेल त्यांना सांगते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि एक मुलगी समोर उभी राहून ‘फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून’ असं ओरडत राहते. आपला श्वास संपलेला असतो, पण तिचं अजून संपत नाही. मग श्वासनळ्या उघडणारं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर निदान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरनी वाढली, तर नळ्या आवळलेल्या होत्या आणि त्या सैल होऊ शकतात, असा त्याचा अर्थ. माझी वाढली. ‘मॅडम, दमा आहे,’ डॉक्टर म्हणाले, आणि माझा पहिला उद्गार होता, ‘पण मला धाप लागत नाही!’ जणू काही त्यांनी चुकीच्या पेशंटची फाइल उघडली होती.

त्यांनी कागदावर एक गोल काढला, आत दुसरा. बाहेरचा श्वासनळीचा स्नायू, आतलं अस्तर. दम्यात स्नायू आवळतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरी गोष्ट अस्तराची असते. त्याला बारीक सूज असते, चिकट कफ सुटतो, आणि ही सूज कुठलाही त्रास होत नसतानाही तिथेच असते. ‘तुमच्या घरात पावसाळ्यात भिंतीला ओल येते ना?’ त्यांनी विचारलं. आमच्या जुन्या घरात येतेच. ‘पंखा लावून भिंत वाळवता येते. पण गच्चीची गळती बंद केली नाही, तर पंखा आयुष्यभर चालू ठेवावा लागेल.’ मग त्यांनी दोन औषधं लिहिली. साल्ब्युटामॉलचा पंप, लागेल तेव्हा: हा पंखा. आणि ब्युडेसोनाइड, २०० मायक्रोग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, न चुकता: हे गच्चीचं काम.

‘हे ब्युडेसोनाइड म्हणजे?’

‘स्टेरॉइड.’

इथे मला आप्पा आठवले. माझे वडील. त्यांना तरुणपणापासून दमा होता, आणि त्या काळात गावात दम्यावर जे मिळायचं ते त्यांनी सगळं घेतलं. डेरिफायलिनची गोळी, जोर झाला की दवाखान्यात इंजेक्शन, आणि मग प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, ज्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिल्या आणि आप्पांनी स्वतःच पुढे चालू ठेवल्या, कारण त्यांनी बरं वाटायचं. चेहरा पौर्णिमेसारखा गोल झाला, साखर वाढली, मोतीबिंदू लवकर आला. लहानपणी माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, ‘तुझे बाबा किती गुटगुटीत!’ त्या गोल चेहऱ्याचं कारण आईने मला फार उशिरा सांगितलं. तेव्हा तुम्ही मला काहीही म्हणा, स्टेरॉइड म्हटल्यावर मी खुर्ची मागे सरकवली.

डॉक्टरांनी वाद घातला नाही, हिशेब मांडला. आप्पांची गोळी दिवसाला ४० मिलिग्रॅम असेल, तर माझ्या एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे तिचा दोनशेवा भाग. दिवसाच्या दोन मात्रा धरल्या तरी शंभरावा. मी गणिताच्या शिक्षिकेला लागून असलेल्या टेबलावर बसते, त्यामुळे मी लगेच शंका काढली: औषधं वेगळी, मग नुसत्या वजनाची तुलना कशी चालेल? त्यांनी मान्य केलं की चालत नाही. ब्युडेसोनाइड अस्तरावर प्रेडनिसोलोनपेक्षा कितीतरी जोमाने काम करतं. खरा फरक वाटेचा आहे. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून हाडं, डोळे, कातडी, स्वादुपिंड असं सगळीकडे फिरून मग फुफ्फुसात पोचते. श्वासातून घेतलेलं थेट जागेवर जातं. त्यातला बराच भाग तोंडात आणि घशात चिकटतो हे खरं, तो गिळला जातो हेही खरं, पण गिळलेल्या ब्युडेसोनाइडपैकी साधारण नव्वद टक्के यकृत पहिल्या फेरीतच निकामी करून टाकतं. मोठ्या मात्रा वर्षानुवर्षं घेतल्या तर हाडं, डोळे आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्यावर परिणाम होऊ शकतो. म्हणूनच कमीत कमी मात्रेत काम भागवायचं आणि मधून मधून तपासायचं. ‘धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही,’ ते म्हणाले. मला हे वाक्य आवडलं. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. शिवाय व्यायामशाळेतली पोरं दंड फुगवायला घेतात ती स्टेरॉइड हे कुटुंबच निराळं. हे मला माहीत नव्हतं आणि आमच्या स्टाफरूममध्येही कुणालाच माहीत नव्हतं.

पलीकडच्या खोलीत एका मुलीने मला यंत्र शिकवलं. प्लॅस्टिकचं, पारदर्शक, रोटाहेलर. कॅप्सूलचं पारदर्शक टोक वरच्या चौकोनी खाचेत दाबून बसवायचं, तळ फिरवायचा, आत कॅप्सूल दुभंगते आणि पूड मोकळी होते. मग यंत्रापासून तोंड बाजूला नेऊन श्वास पूर्ण सोडायचा. यंत्रात फुंकायचं नाही, नाहीतर तोंडाची वाफ लागून पूड चिकटते. मग ओठ घट्ट मिटून जोरात, खोल, एका दमात ओढायचं. दहा आकड्यांपर्यंत श्वास रोखायचा. आत पूड उरलेली दिसली तर पुन्हा ओढायचं. आणि शेवटी चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकायचं. गिळायचं नाही. तोंडात राहिलेल्या स्टेरॉइडमुळे जिभेवर, टाळ्यावर बुरशीचे पांढरे चट्टे येतात, त्यासाठी. तिने युक्ती सांगितली: दात घासायच्या आधी घ्या, म्हणजे चूळ आपोआप भरली जाते आणि औषधही विसरत नाही.

‘एक विचारू?’ मी म्हटलं. ‘कॅप्सूल कधी कुणी गिळतं का?’

ती इतकी थकून हसली की उत्तराची गरज उरली नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी डबीवरचं लेबल भिंगातून वाचायचा प्रयत्न केला आणि त्यांना महत्त्वाचा वाटणारा एकच प्रश्न विचारला: उपासाला चालतं का? मी माहिती काढली. पूड म्हणजे बहुतांशी लॅक्टोज, दुधातली साखर. जिभेवर लागणारा तो गोडवा तिचाच. औषध तिच्यात नखभरही नसतं. ‘मग दूधच की,’ असं म्हणून त्यांनी परवानगी दिली. कवच पोटात जात नाही, टाकून द्यायचं असतं, हे ऐकल्यावर तर त्यांचा सगळा विरोध मावळला. (दुधातल्या प्रथिनाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मात्र ही पूड घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगायला हवं.) नवऱ्याने मात्र गूगल उघडलं आणि रात्री उशिरापर्यंत मिटलं नाही.

आणि मग काहीच झालं नाही.

माझ्या गोंधळाची खरी सुरुवात इथून झाली. पहिल्या रात्री घेतलं, तीन वाजता खोकला. दुसऱ्या रात्री घेतलं, तीन वाजता खोकला. साल्ब्युटामॉलचा पंप मारला की पाच मिनिटांत छाती मोकळी व्हायची, हात किंचित थरथरायचे, काळीज धडधडायचं. औषध पोटात गेल्याची पावती मिळायची. चार-सहा तास तो उपकार टिकायचा. आता मला सांगा, या दोघांत माणूस कुणावर प्रेम करेल? पंप पर्समध्ये गेला, पर्समधून टेबलाच्या खणात, खणातून उशाखाली. रोटाहेलर बेसिनवर ब्रशशेजारी उभा राहिला, न बोलणाऱ्या पाहुण्यासारखा नव्हे, आमच्याच घरातल्या नळाइतका दुर्लक्षित.

स्टेरॉइड सावकाश का चालतं हे कळल्यावर राग थोडा शांत झाला. साल्ब्युटामॉल स्नायूच्या पेशीवर बाहेरून खटका दाबतं. स्टेरॉइड पेशीच्या आत शिरतं, केंद्रकापर्यंत जातं आणि सूज आणणारे पदार्थ बनवायचे हुकूमच बदलायला लावतं. आधी बनलेला माल संपायला, अस्तर निवायला दिवस लागतात, आठवडे लागतात. पूर्ण गुण यायला त्याहूनही जास्त. तोवर रुग्णाने विश्वासावर ओढत राहायचं. आणि गंमत अशी की पंपाच्या उपकारातच खरा धोका आहे. नळ्या उघडत राहतात, माणूस खूश राहतो, आणि आत सूज वाढत जाते. वर्षात तीन किंवा त्याहून जास्त साल्ब्युटामॉलचे पंप लागत असतील, तर दम्याचा जोराचा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो, असं जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात. दम्यावर जगभर जिचा शब्द मानतात त्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ने २०१९ साली तर स्पष्टच सांगितलं की मोठ्या माणसांचा आणि किशोरवयीन मुलांचा दमा नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर सोडू नये, स्टेरॉइडची जोड हवीच. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांना म्हणूनच एकाच पंपात दोन्ही आहेत: ब्युडेसोनाइड आणि पटकन चालणारं फॉर्मोटेरॉल. नेमानेही तोच, त्रास झाला तरी तोच. माझं तसं नाही. एकाचं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्याच्या छातीला लागू पडत नाही, हे मला स्टाफरूमला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण मामांचा पंप ‘जास्त चांगला’ आहे असं तिथे एकमताने ठरलेलं आहे.

फवाऱ्याच्या पंपाची जन्मकथा मला फार आवडते, म्हणून थोडं विषयांतर. १९५५ साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची मुलगी दमेकरी होती. तेव्हा रबरी फुगा दाबून औषधाचा फवारा घ्यायचं काचेचं उपकरण असायचं, फुटणारं आणि सांडणारं. तिने वडिलांना विचारलं, दम्याचं औषध केसांच्या स्प्रेसारखं डबीत का भरता येत नाही? पुढच्याच वर्षी, १९५६ साली, मोजून फवारा देणारा पहिला पंप बाजारात आला. पण त्यात होती ती नळ्या उघडणारी औषधं. कॉर्टिसोनच्या संशोधनाला १९५० सालीच नोबेल मिळालं होतं, तरी श्वासातून घ्यायचं उपयोगी स्टेरॉइड, बेक्लोमेथासोन, यायला १९७२ साल उजाडलं. म्हणजे आप्पा गोळ्या खात होते तेव्हा हे औषध जगात होतं. कराडपर्यंत, आणि कराडहून आप्पांच्या विश्वासापर्यंत, पोचलं नव्हतं.

विश्वासाच्या बाबतीत नातेवाईक कमी पडले नाहीत. आतेबहिणीने हैदराबादचा मासा सुचवला. मृगाच्या मुहूर्तावर तोंडात पिवळं औषध भरलेला छोटा जिवंत मासा गिळायचा, त्यासाठी आपल्याकडूनही माणसं जातात. सासरच्या एका काकांनी कोजागरीचा रस्ता दाखवला: चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देतात, रात्रभर जागायचं. मी कोजागरीला जागले, मसाला दूध प्यायले, आणि झोपायच्या आधी दात घासताना कॅप्सूल ओढली. काकांशी भांडले नाही. मात्र ‘पंपाची सवय लागते’ या वाक्याशी मी आजही भांडते. चष्मा लावणाऱ्याला कुणी चष्म्याची सवय लागली म्हणत नाही. आणि हेच वाक्य ऐकून कितीतरी मुली लग्नाआधी पंप कपाटात कपड्यांखाली लपवतात, सासरी गेल्यावर रोजचं औषध बंद करतात आणि चोरून नुसता आराम देणारा पंप मारतात. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने मला हे सांगितलं. मी त्या दिवसापासून माझा पंप स्टाफरूमच्या टेबलावर उघडा ठेवते.

खोकला कधी थांबला ते मला सांगता येणार नाही. एका सकाळी लक्षात आलं की तीन वाजता उठल्याचं आठवत नाही. आदल्या दिवशीही नव्हतं. असं औषध श्रेयही घेत नाही.

पण त्याच सुमारास माझा आवाज बसला. शिक्षिकेचा आवाज बसणं म्हणजे काय, हे नोकरीत असलेल्यालाच कळेल. आधी वाटलं, जास्त बोलले. मग घसा खरखरतच राहिला. मी चूळ आणखी जोमाने भरायला लागले, मिठाच्या पाण्याने, हळदीच्या पाण्याने. डॉक्टरांनी ऐकून मान हलवली. गुळणीने तोंडातलं आणि घशाच्या वरच्या भागातलं औषध निघतं, पण स्वरयंत्र त्याच्या खाली आहे. गुळणीचं पाणी तिथवर गेलं तर माणूस गुदमरेल. पूड जोरात ओढताना तिचा काही अंश स्वरतंतूंवर बसतो आणि तिथल्या स्नायूंना कमजोर करू शकतो. औषध थांबवायचं नाही, आवाज परत येतो, यंत्र बदलून बघू. पूड जाऊन फवाऱ्याचा पंप आला, सोबत स्पेसर.

आणि शिकवणी पुन्हा पहिल्यापासून. कारण फवाऱ्याचा नियम पुडीच्या बरोबर उलट. पूड जोरात ओढायची, ती आपल्या श्वासाच्या ताकदीने उडते. फवारा आधीच जोराने सुटलेला असतो, म्हणून श्वास हळू, खोल, तीन-चार सेकंद लांबवून घ्यायचा. मी इतके दिवस ज्या झटक्याने ओढायला शिकले होते, तोच झटका आता नको होता. पंप हलवायचा, स्पेसरला जोडायचा, श्वास सोडायचा, एक फवारा मारायचा, हळू ओढायचा, रोखायचा. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये मारून वेळ वाचवता येत नाही. स्पेसर नसेल तर फवाऱ्याचा मोठा भाग सरळ घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतो; स्पेसरमध्ये मोठे कण मागेच राहतात, बारीक आत जातात. नवा पंप असेल किंवा काही दिवस पडून असेल तर आधी हवेत फवारे सोडायचे, किती ते माहितीपत्रकात असतं. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनी तो एकदा लख्ख पुसून ठेवला होता, तेव्हा त्यांना हे कसं समजावावं या विचारात माझा चहा निवला.

चूळ भरणं मात्र चालूच आहे. आवाज हळूहळू परतला, पण आधीच्या पट्टीत यायला वेळ लागला.

पावसाळ्याची आणखी एक देणगी म्हणजे नायटा. कंबरेवर गजकर्ण उठलं म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. ते गोळी लिहायला लागले आणि सहज म्हणाले, आणखी काही औषधं चालू? इथे बहुतेक माणसं ‘काही नाही’ म्हणतात, कारण पंप हे औषध आहे असं मनात धरलेलंच नसतं. माझ्या पिशवीत पंपाचा खोका होता तो मी काढून दिला. त्यांनी हातातलं पेन थांबवलं. इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल यांसारखी बुरशीवरची औषधं यकृतातली तीच यंत्रणा अडवतात, जी गिळलेलं ब्युडेसोनाइड मोडते. मग शंभरावा भाग वगैरे सगळा हिशेब कोसळतो आणि श्वासातल्या थोड्याशा स्टेरॉइडनेही गोळीसारखे परिणाम दिसू शकतात. त्यांनी दुसरा उपाय दिला. आपल्या दमट हवेत नायटा आणि दमा किती घरांत एकत्र नांदत असतील, आणि ती दोन्ही प्रिस्क्रिप्शनं एकाच टेबलावर येत नसतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाव्हिरही यकृतातली हीच यंत्रणा अडवतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम भरात येतो. ऊस तुटला की शेतात पाचट पेटवतात, गुऱ्हाळांची धुरांडी चालू असतात, आणि थंडीमुळे धूर वर न जाता कृष्णाकाठी पसरून राहतो. ही माझी परीक्षा होती. डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर घ्यायला लावला होता: नळीत जोरात फुंकायचं, काटा सरकतो, तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सुरुवातीला सकाळचा आकडा २९० च्या आसपास असायचा आणि संध्याकाळचा बराच वर. ही सकाळ-संध्याकाळची दरी हेच दम्याचं लक्षण. पुढे पुढे दोन्ही आकडे ४०० जवळ येऊन एकमेकांना चिकटले. औषध काम करतंय हे मला शरीराने कधीच सांगितलं नाही. वहीने सांगितलं. धुराच्या आठवड्यात सकाळचा आकडा ३४० वर आला, मी पंप वापरला, डॉक्टरांना फोन केला, आणि खोकला परतायच्या आधीच ते संकट ओसरलं.

शाळेत बातमी पसरल्यावर पालक मला अर्धी डॉक्टर समजायला लागले. सातवीतल्या एका मुलाच्या आईने जिन्यात गाठून विचारलं, स्टेरॉइडच्या पंपाने मुलाची उंची खुंटते का? मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पण वाचलेलं सांगितल्याशिवाय राहवलं नाही. उत्तर अमेरिकेत लहानपणी काही वर्षं रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांना मोठेपणी पुन्हा मोजलं, तेव्हा सरासरी साधारण एक सेंटिमीटरचा फरक दिसला. २०१२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. फरक आहे, लपवण्यासारखा नाही. पण रात्र-रात्र न झोपणाऱ्या, खेळाच्या तासाला कट्ट्यावर बसणाऱ्या मुलाचीही वाढ दमा खुंटवू शकतो. त्या बाईंनी हाताच्या बोटावर एक सेंटिमीटर मोजून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘एवढंच?’ मग पुन्हा मोजलं.

हंगाम सरत आला तेव्हा डॉक्टरांनी वही चाळली. तीन महिन्यांहून जास्त काळ सगळं आटोक्यात. नवऱ्याने आशेने विचारलं, मग आता बंद? बंद नाही, निम्मं: फक्त रात्रीचा फवारा. बरं वाटतं म्हणून माणसं पूर्ण सोडतात आणि पुढच्या पावसात झटका घेऊन परत येतात, हे त्यांचं रोजचं दुःख असावं, कारण हे सांगताना ते जरा चिडलेच. मला वाटलं होतं मी आनंदाने उडी मारेन. तसं झालं नाही. इतक्या मुश्किलीने पटलेली मात्रा कमी करताना माझाच हात आखडला, आणि मी त्यांना दोनदा विचारलं, ‘नक्की?’

त्यांनी एक कागद लिहून दिला. आकडा इतका असेल तर नेहमीचंच चालू. त्याखाली गेला, रात्री खोकला आला, पंप वारंवार लागू लागला तर मात्रा कशी वाढवायची आणि फोन कधी करायचा. आणि तिसरा भाग लाल पेनाने: एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, साल्ब्युटामॉलचा गुण येत नसेल किंवा चार तासही टिकत नसेल, तर वाट न बघता दवाखाना, आणि वाटेत पंप चालू. तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, म्हणजे माझ्याआधी घरच्यांना दिसेल.

सासूबाई त्याच दारावर गॅसचा सिलिंडर कधी लावला याच्या तारखा वर्षानुवर्षं लिहीत आल्या आहेत. माझ्या पंपावर किती फवारे उरले हे दाखवणारा आकडा नाही, आणि पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. छापलेले फवारे भागिले रोजचे, एवढाच खरा हिशेब. तेव्हा आता सिलिंडरच्या रकान्याशेजारी त्यांनी स्वतःच दुसरा रकाना आखला आहे. वर लिहिलंय, ‘सूनबाईचा पंप लावला.’ खाली तारीख, आणि तो कधी संपेल त्याचीही. निम्मी मात्रा झाल्यावर त्यांनी ती शेवटची तारीख खोडून पुढे ढकलली आणि मला विचारलं, अर्धा सिलिंडर उरला असताना नवा बुक केलेला बरा की नाही?